गाठोडी न उघडता

"माझे पत्ते कुठे गेले?"

२९ जुलै २०१६ ची सकाळ. मी माहेरच्या स्वयंपाकघरात चहा गाळत होते आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. विंडोज १० फुकट देण्याची मायक्रोसॉफ्टची मुदत त्याच दिवशी संपत होती आणि आदल्या रात्री मी जागून नाना-आईच्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ च्या जागी विंडोज १० चढवलं होतं. एक पैसा न देता. आईचे फोटो जागच्या जागी, नानांच्या फायली जागच्या जागी, डेस्कटॉपवरचा जेजुरीचा खंडोबासुद्धा होता तिथेच. सकाळी पहिल्यांदा पडदा उजळला तेव्हा त्याने स्वतःच सांगितलं होतं, की तुमच्या सगळ्या फायली तुम्ही ठेवल्या होत्या तिथेच आहेत. खोटं नव्हतं ते. पत्ते ही फाईल नसते, एवढंच.

आईचे पत्ते म्हणजे सॉलिटेअर. दुपारची झाकपाक झाली की ती चष्मा लावून अर्धा तास बसायची. तो खेळ हिशेब ठेवायचा, किती डाव झाले, किती जिंकले, टक्के किती. सहा वर्षांत आईने चौदा टक्क्यांचे एकोणीस केले होते आणि त्याचा तिला माझ्या एमए-बीएडपेक्षा जास्त अभिमान होता. विंडोज १० चढताना जुने खेळ काढून टाकले जातात हे आधीच जाहीर केलेलं होतं. मी वाचलं नव्हतं. नवे पत्ते मिळाले, पण त्यात मधेमधे जाहिरात यायची आणि हिशेब शून्यापासून. आई दोन दिवस खेळली आणि म्हणाली, "हे माझे नाहीत."

मी हसले होते. पुढच्या महिन्याभरात तेच वाक्य मी निराळ्या शब्दांत किती वेळा म्हटलं, ते सांगायला हा लेख.

तो कॉम्प्युटर आमच्याकडे २०१० च्या जानेवारीत आला, मेळ्यातून. ग्वाल्हेरचा मेळा माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केला तेव्हा तो गुराढोरांचा होता. आता तिथे लोक मोटारी घेतात, सोफे घेतात, नुसते पापड खाऊनही परत येतात. नाना दोन जीबी रॅमचा कॉम्प्युटर घेऊन आले. दुकानदाराने त्यात विंडोज ७ आणि एक हिंदी टायपिंगचा प्रोग्राम घालून दिला. नाना एजी ऑफिसातून १९९७ साली निवृत्त झालेले. (पूर्ण नाव महालेखाकार कार्यालय, पण आमच्या गावात तसं कोणी म्हणत नाही.) हयात हिंदी टाइपरायटरवर गेलेली. त्यामुळे बोटं रेमिंग्टनची, फॉन्ट कृतिदेव आणि मजकूर मराठी. असा तिरपागडा संसार आमच्या बाजूच्या अनेक मराठी घरांत आहे. लिहिणारा मराठी, कळफलक हिंदी, आणि आत कॉम्प्युटरला वाटतं की हे सगळं इंग्रजी आहे.

ते कसं, हे मला त्या ऑगस्टमध्ये नीट कळलं. कृतिदेव हा युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या जमान्यातला फॉन्ट. त्यात 'म' म्हणून काही साठवलेलं नसतं. साठवलेली असते रोमन 'ई', आणि फॉन्ट तिला 'म'चं चित्र चढवतो. 'मराठी' हा शब्द आत ई, जे, के, मोठा बी, एच असा पडलेला असतो. फॉन्ट आहे तोवर मराठी. फॉन्ट गेला की उरतं ते ई-जे-के-बी-एच.

आणि तो गेला होता.

नानांनी तीस जुलैला फाईल उघडली. तीनशे बारा पानं इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी. प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेघ, कारण बिचाऱ्या वर्डला हे अतिशय वाईट इंग्रजी वाटत होतं. नाना ओरडले नाहीत. टाइपरायटरवर चाळीस वर्षं काढलेला माणूस यंत्रावर ओरडत नाही. त्यांनी मला थाटीपूरला माझ्या घरी फोन केला आणि म्हणाले, "तू काल काय करून गेलीस, ते एकदा येऊन बघून जा."

त्या फाईलीत काय होतं, ते सांगायला हवं. नाना लश्करातली मराठी नावं गोळा करत होते. आमचं लश्कर, म्हणजे ग्वाल्हेरचा एक भाग, हे शब्दशः लष्कर. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला आणि तो पुढे उठलाच नाही. तंबूंच्या जागी भिंती आल्या, भिंतींवर माड्या चढल्या, पण नावं तंबूंचीच राहिली. एक पडाव आहे, शिंदे की छावणी आहे, कंपू आहे. कंपू म्हणजे कवायती फौज, हे कंपूतल्या दहा माणसांना विचारलंत तर एखाद्याला माहीत असेल. सरदाराच्या तळाला मराठीत गोट म्हणतात, इथे त्याची गोठ झाली. महाडिक की गोठ, निंबालकर की गोठ. वाड्याचा बाडा झाला. फाळके फालका बाजारात विरघळले. हिंदीला ळ जमत नाही आणि व कधीकधी नको असतो, मग दोनशे वर्षांत अक्षरं झिजून अशी गुळगुळीत होतात. माझा धाकटा भाऊ वीस वर्षं पुण्यात आहे. त्याला मी एकदा "निंबालकरच्या गोठीत गेले होते" म्हटलं, तर म्हणाला, "ताई, गोठ्यात?"

तर तो सगळा ऐवज ई-जे-के-बी-एच झाला होता.

भावाचं फोनवर एकच म्हणणं होतं. वरून चढवायचंच कशाला? पुसून नवं टाकायचं. छावणीतला जो मुलगा कॉम्प्युटर दुरुस्त करतो त्याचंही तेच, फक्त हिंदीत. "आंटी, फॉर्मेट मार देते हैं. आधे घंटे का काम है." हे 'फॉर्मेट मारणं' म्हणजे आपल्याकडे पूर्वी एरंडेल होतं तसं आहे. पोट दुखो की डोकं, आधी एरंडेल. मला या दोघांचा राग यायचा. घरात तीन पिढ्यांचं सामान असताना बाहेरचा येऊन "सगळं रिकामं करा, मग रंग देतो" म्हणतो, तसा.

पण रागाने फॉन्ट परत येत नाही. म्हणून मी वाचायला बसले की वरून चढवतात म्हणजे नक्की काय करतात.

माझी समजूत अशी होती, की जुन्या घराला डागडुजी होते. फुटकी फरशी काढून नवी, गळका नळ काढून नवा. विंडोज ९५, ९८ च्या काळात थोडंफार तसं होतही असे, जुन्या फायलींवर नव्या फायली पडत. व्हिस्टापासून मात्र पद्धत बदलली. आता नवं घर अख्खं तयार येतं आणि जुन्याच्या शेजारी उभं राहतं. जुनं उचलून 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या एका फोल्डरमध्ये ठेवलं जातं. मग जुन्यातलं सामान नव्यात वाहून नेतात, त्यात प्रोग्राम, सेटिंगा, ड्रायव्हर (प्रिंटर वगैरे चालवणारे छोटे प्रोग्राम), रजिस्ट्री नावाच्या विंडोजच्या खातेवहीतल्या हजारो नोंदी सगळं आलं. म्हणजे डागडुजी नव्हे, बिऱ्हाड हलवणं. आणि बिऱ्हाड हलवणारी माणसं गाठोडी उघडून बघत नाहीत. त्यांच्याकडे एक यादी असते. हे न्यायचं, हे नव्या घरात चालत नाही म्हणून ठेवायचं. बाकी जे बांधलेलं दिसेल ते उचलायचं.

दुकानदाराने दिलेला तो टायपिंगचा प्रोग्राम 'चालत नाही'च्या यादीत गेला होता. त्याने आपले फॉन्ट विंडोजच्या फॉन्टांच्या फोल्डरमध्ये न ठेवता स्वतःच्याच खोलीत ठेवले होते आणि चालू झाला की तिथून तो ते वापरायला काढायचा. प्रोग्राम राहिला, त्याच्याबरोबर कृतिदेव राहिला. पण राहिला म्हणजे कुठे? जुन्या घरात. आणि जुनं घर अजून फोल्डरमध्ये उभं होतं.

विंडोज डॉट ओल्ड उघडून आत शिरायचा अनुभव मी विसरणार नाही. सगळं आहे तसं, पण कोणी राहत नाही. प्रोग्राम फाइल्स, त्यात तो प्रोग्राम, त्यात फॉन्ट नावाचं फोल्डर. मी अकरा फॉन्ट उचलले, नव्या घरात नीट बसवले आणि नानांची फाईल उघडली. पहिल्या पानावर 'लश्करातील मराठी स्थलनामे' हे शीर्षक आलं तेव्हा नाना फक्त "हं" म्हणाले.

माझा स्वतःचा फॉन्ट गेला होता, त्याची गोष्ट वेगळी. मी युनिकोडवाली, मंगल वापरणारी. र. कृ. जोशींनी रेखलेला मंगल विंडोज २००० पासून आपल्या सोबतीला होता. इतका, की तो कोणी रेखला असेल असं मनातही येत नसे. विंडोज १० ने जागा वाचवायला म्हणून बरेच फॉन्ट ऐच्छिक करून टाकले. मंगल, अपराजिता, कोकिळा, उत्साह हे सगळे देवनागरीच्या पुरवणी संचात गेले. मशीनमध्ये हिंदी-मराठी भाषा जोडलेली असेल तर तो संच आपोआप येतो. आमच्या मशीनला वाटत होतं घरात सगळे इंग्रजी बोलतात. माझ्या फायली वाचता येत होत्या, कारण मंगलच्या जागी निर्मला नावाचा फॉन्ट मुकाट उभा राहिला होता. पण निर्मलाची अक्षरं वेगळ्या रुंदीची. गणपती ५ सप्टेंबरला होते आणि मंडळाची स्मरणिका माझ्याकडे होती. चौसष्ट पानं जुळवलेली. ती उघडली तर एकसष्ट. अध्यक्षांचं मनोगत वर सरकून एका मिठाईवाल्याच्या जाहिरातीत घुसलेलं. सेटिंगमध्ये जाऊन पुरवणी संच जोडला की दहा मिनिटांत मंगल परत येतो. हे कळायला मला चार दिवस लागले आणि त्या चार दिवसांत मी चौसष्ट पानं हाताने परत जुळवली होती. मग मंगल आला आणि ती पुन्हा विस्कटली. यावर जास्त काही बोलत नाही.

प्रिंटरचंही थोडक्यात. यादीत तो दिसायचा, कागद मागायचा, 'छापून झालं' म्हणायचा. छापायचा नाही. जुना ड्रायव्हर मुळापासून काढून नवा घातला, चालला.

सीडीची मात्र मौज आहे. नानांकडे गाण्याच्या पन्नासेक सीडी. ग्वाल्हेरचा माणूस आहे, घराण्याचं गाणं लागतंच. बटण दाबलं की ट्रे बाहेर यायचा, सीडी आत जायची, दिवा लुकलुकायचा, आणि कॉम्प्युटर म्हणायचा सीडी ड्राइव्ह नावाची वस्तूच इथे नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि 'कोड १९', म्हणजे रजिस्ट्रीतली नोंद अर्धवट किंवा बिघडलेली. छावणीतल्या मुलाने आपलं शास्त्र सांगितलं, ड्राइव्ह बदला. मी नाही म्हटलं. आठवडाभर खपून जे समजलं ते असं. विंडोज आणि सीडी ड्राइव्ह यांच्या मधल्या रस्त्यावर इतर प्रोग्रामांना आपला नाका बसवता येतो. ये-जा त्या नाक्यावरून होते. रजिस्ट्रीत अशा नाकेदारांची नावं 'अपरफिल्टर्स' आणि 'लोअरफिल्टर्स' या दोन ओळींत लिहिलेली असतात. २०११ मध्ये भाच्याने सीडी जाळायचा, म्हणजे कोऱ्या सीडीवर काही उतरवायचा, एक प्रोग्राम टाकला होता. दोन वर्षांनी काढला. काढताना प्रोग्राम गेला, नाकेदार मागे राहिला, आणि विंडोज ७ मध्ये तो इमानेइतबारे उभा होता. बिऱ्हाड हललं तेव्हा नाव आलं, माणूस आला नाही. नवं विंडोज त्या नाक्याशी येऊन थांबायचं. कोणी पुढे जा म्हणेना, म्हणून रस्ताच बंद. दोन ओळी पुसल्या, मशीन बंद करून चालू केलं, आणि कृष्णराव शंकर पंडितांचा आवाज घरात आला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता माझे पत्ते पण आण."

हे एवढं तपशिलाने अशासाठी सांगते, की त्या महिन्यात जे जे बिघडलं त्यातलं जवळजवळ काहीही नव्या विंडोजचं नव्हतं. ते आमचं होतं. सहा वर्षांत कोणीतरी टाकलेलं, अर्धवट काढलेलं, विसरलेलं. दर दोन-तीन दिवसांनी एकेक उघडं पडत होतं. देणेकरी जसे एकदम येत नाहीत, एकेक करून येतात.

ऑगस्टच्या शेवटी मी हात टेकले आणि परत विंडोज ७ वर जायचं ठरवलं. तेव्हा महिनाभर परतीची सोय असे. अजून तीन दिवस हातात होते. पण दरम्यान विंडोज १० चं मोठं अपडेट, २ ऑगस्टला निघालेलं, आमच्याकडे रात्रीत येऊन बसलं होतं. हे मोठं अपडेट म्हणजेसुद्धा वरून चढवणंच असतं. पुन्हा नवं घर, पुन्हा बिऱ्हाड, पुन्हा विंडोज डॉट ओल्ड. फक्त आता त्या फोल्डरमध्ये विंडोज ७ नव्हतं, महिन्याभरापूर्वीचं १० होतं. मागचं दार उघडलं तर बाहेर तेच घर. त्याच अपडेटपासून परतीची मुदतही महिन्याची दहा दिवस झाली.

शेवटी २०१७ च्या फेब्रुवारीत मी भावाचं ऐकलं. रॅम चार जीबी केली आणि ६४ बिटचं विंडोज पेन ड्राइव्हवरून कोरं टाकलं. ३२ बिटवरून ६४ बिटवर चढता येत नाही, तिथे पुसणं हाच रस्ता. तेव्हा कळलं की नोव्हेंबर २०१५ पासूनच विंडोज ७ ची किल्ली टाकून कोरं विंडोज १० घेता येत होतं, तेही फुकट. म्हणजे त्या रात्री मी हा रस्ता पहिल्यांदाच घेऊ शकले असते. ही माहिती मी भावाला अजून दिलेली नाही. हा लेख तो वाचेल तेव्हा वाचेल.

कोरं टाकायच्या आधी स्वतःला एकच गोष्ट विचारावी लागते, की काय काय ठेवायचं? प्रश्न साधा वाटतो. मी एका बाहेरच्या डिस्कवर डॉक्युमेंट्स घेतले, फोटो घेतले, गाणी, फॉन्ट, डेस्कटॉप. आईला विचारलं, ती म्हणाली माझं काय होतं ते तू आधीच घालवलंस. नानांना विचारलं, ते म्हणाले फाईल घे म्हणजे झालं. मी तीन वेळा तपासलं आणि पुसलं.

पहिल्या दिवशी मशीन असं पळालं की काय सांगू. अर्ध्या मिनिटात सुरू. सीडी चालते, प्रिंटर चालतो, कुठे पिवळा त्रिकोण नाही. नानांचा जुना डॉसमधला कुंडलीचा प्रोग्राम तेवढा चालेना, कारण १६ बिटचं काही ६४ बिटवर चालत नाही. त्याला जुने डॉस प्रोग्राम चालवणाऱ्या डॉसबॉक्समध्ये ठेवलं. आमची सी ड्राइव्ह इंदूरच्या रस्त्यासारखी लख्ख झाली होती, हे ग्वाल्हेरच्या माणसाने कबूल करणं म्हणजे बघा.

चार दिवसांनी नाना म्हणाले, "मराठीचा म मोडतोय."

मी गेले. ते परिच्छेद 'मराठी'ने सुरू करत होते आणि पहिला म अर्धा पडत होता. म्‌राठी. पुसून परत लिहावा तर परत अर्धा. मला हसूही आलं आणि उलगडाही झाला. वर्ड परिच्छेदाचं पहिलं अक्षर आपणहून मोठं करतं. त्याच्या लेखी हे इंग्रजी, म्हणून लहान ई ची मोठी ई. कृतिदेवात लहान ई म्हणजे म, आणि मोठी ई म्हणजे अर्धा म्. वर्डच्या दृष्टीने त्याने आमचं व्याकरण सुधारलं होतं. मी ऑटोकरेक्टची खिडकी उघडून ती खूण काढली आणि सहज विचारलं, "नाना, हे आधी कधी होत नव्हतं?"

"मी काढून टाकलं होतं ना ते. मेळ्यातून आणलं त्याच आठवड्यात."

मग माझं लक्ष त्या खिडकीच्या खालच्या यादीकडे गेलं. डावीकडे काय टाइप करायचं, उजवीकडे काय उमटायचं. त्यात इंग्रजी शब्दांच्या नेहमीच्या दुरुस्त्या होत्या, एवढंच.

"इथे तुमचं काही होतं का?"

होतं. मबा टाइप केलं की महाराज बाडा. दौशि केलं की दौलतराव शिंदे. गोठांची नावं, गल्ल्यांची नावं, सरदारांची लांबलचक नावं, सगळ्यांचे दोन-तीन अक्षरांचे संक्षेप. ऑफिसात लघुलिपी शिकलेले, ती सवय. सात वर्षांत चारशे तरी झाले असतील, असं ते म्हणाले. ती यादी डॉक्युमेंट्समध्ये नसते. ती 'अ‍ॅपडेटा' नावाच्या लपवलेल्या फोल्डरात, ऑफिसच्या खोलीत, 'एमएसओ१०३३' अशा नावाच्या फायलीत असते. १०३३ म्हणजे अमेरिकन इंग्रजी. मी जो कचरा समजून पुसला, त्या लपवलेल्या पसाऱ्यातच ती होती, सीडी जाळणाऱ्याच्या शेजारी. फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे मी वरून चढवून ठेवलेल्या त्या रोगट मशीनमध्ये, ती अगदी सुखरूप होती. हलवणाऱ्यांनी गाठोडं न उघडता आणलं होतं ना.

"मग चार दिवस तुम्ही..."

"पूर्ण लिहितोय. काय बिघडतं? नाहीतरी काही नावं मी संक्षेपातच विसरायला लागलो होतो."

पुढे आठ वर्षं ते मशीन चाललं. हार्ड डिस्क जाऊन एसएसडी आली. मोठी अपडेटं येत राहिली, म्हणजे बिऱ्हाडं हलत राहिली, आणि आमच्या लख्ख घरात परत नाकेदार जमा झाले. नानांची यादीही हळूहळू परत वाढली. मग १४ ऑक्टोबर २०२५ आला, विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टची साथ मिळण्याचा शेवटचा दिवस, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. विंडोज ११ त्या मशीनवर चढतच नाही. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, नवा प्रोसेसर लागतो. भावाने पुण्याहून लॅपटॉप पाठवला. यावेळी वरून चढवायचं की कोरं घ्यायचं हा वादच उरला नाही. घर बदललं होतं, आणि माळ्यावरचे डबे उतरवायचे दिवस होते.

मी सगळ्यात आधी एमएसओ१०३३ उचलली. अभिमानाने नानांना दाखवली. मग लक्षात आलं की तिचा उपयोग शून्य. यावेळी मी फाईल युनिकोडात आणणार होते आणि ते संक्षेप ई-जे-के वाले. नाना शहाऐंशीचे आहेत. म्हणाले, "ठेव एका बाजूला."

तीनशे बाराची आता चारशे सत्तर पानं झाली आहेत. कृतिदेवातून युनिकोडात नेणारी साधनं आहेत, आणि ती बरीच चांगली आहेत, पण त्यांनाही घाम फुटतो. कृतिदेवात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडात नंतर साठते. रफार उलटा, आधी असतो तो नंतर टाइप केलेला. जोडाक्षर लांब असलं की वेलांटी भलत्याच डोक्यावर जाऊन बसते. आणि 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला आडवा र त्या फॉन्टच्या हिंदी जगात नव्हताच, म्हणून नाना आयुष्यभर 'दुसर्या' लिहीत आले. ते मी एकेक करून नीट केलं. पंधरा दिवस रोज संध्याकाळी थाटीपूरहून लश्कर. नाना शेजारी बसून वाचायचे. आई पलीकडे, पत्ते घेऊन. खरे, कागदाचे. २०१६ च्या त्या ऑगस्टमध्ये तिने बाड्यावरून जोड आणला होता, तो अजून पुरतोय.

शेवटच्या संध्याकाळी मला वाटलं आपण एक पुण्यकर्म करू. 'निंबालकर' शोधा, 'निंबाळकर' घाला, सगळीकडे. एका कळीत त्रेचाळीस ठिकाणी ळ आला. फालकाचं फाळके केलं. फाईल साठवली, बंद केली, नानांच्या मेलवर पाठवली.

सकाळी फोन. "हे ळ कोणी घातले?"

"मीच. शुद्ध केलं नाना. मूळ नाव तेच ना?"

"माणूस निंबाळकर होता. गल्ली निंबालकर आहे. टपाल कुठल्या नावाने येतं?"

मी संध्याकाळी गेले. कंट्रोल झेडचा उपयोग नव्हता, फाईल बंद करून झाली होती. शोधा-बदला परत फिरवलं असतं तर सरदारसुद्धा निंबालकर झाले असते. मग मी पहिल्या पानापासून बसले. नाना बोट ठेवून सांगत होते. हा माणूस, राहू दे. ही गल्ली, काढ. हाही माणूस. पान दोनशे सहावर ते थांबले.

"इथे?" मी विचारलं.

वाक्य असं होतं, की सन अमुकपर्यंत निंबाळकरांचा गोट याच जागी होता.

नानांनी चष्मा काढून पुसला. "तोवर माणसं होती," म्हणाले. "राहू दे ळ. पुढचा काढ."